झेल्मा क्वाशीने न केलेलं पाप

आमच्या मंडळीच्या चर्चमधला मागचा बाक दरवाजाला लागून आहे. वारा हवा असतो तेव्हा तिथे येत नाही आणि पाऊस नको असतो तेव्हा येतो. बिनलग्नाची बाई गरोदर राहिली की तिने त्या बाकावर बसायचं, असा नियम आहे. गाणं म्हणायचं नाही, साक्ष द्यायची नाही, प्रभुभोजनाचं ताट आलं की मान खाली घालून ते पुढे जाऊ द्यायचं. मूल जन्माला आलं आणि त्याचं नाव ठेवून झालं की बाई सगळ्यांपुढे उभी राहून क्षमा मागते, पाळकसाहेब तिचा हात हातात घेतात, आणि ती पुन्हा आपल्या जुन्या जागी जाऊन बसते. बापासाठीही नियम आहे. त्यानेही तिथेच बसायचं. पण हा नियम वापरायची वेळ कधी आली नव्हती. आमच्या टोबॅगो बेटावर लेकरं बहुधा बापावाचूनच होतात, निदान रविवारी सकाळी तरी.

त्या बाकावर एक दिवस झेल्मा क्वाशी बसेल असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला ऊन लागलंय असं समजून लोकांनी सावलीत नेलं असतं. झेल्माचं वय चव्वेचाळीस, लग्न नाही. मंडळीच्या गायनाचा सगळा डोलारा तिच्या आवाजावर उभा. मुलांच्या रविवारच्या शाळेत दहा आज्ञा शिकवताना ती व्यभिचाराच्या आज्ञेपाशी अशा सुरात पोचायची, की त्याचा अर्थ न कळणारी पोरंसुद्धा तो कधीच करायचा नाही असं ठरवून टाकायची. पोटापाण्यासाठी ती तिळाचे कडक गोळे करून विमानतळावरच्या दुकानात द्यायची. पर्यटक ते आवडीने घेत आणि बहुधा आपापल्या देशात जाऊन दातांच्या डॉक्टरला भेटत.

त्या वर्षी ईस्टरनंतर झेल्माचे झगे पोटावर ताणायला लागले. हे पहिल्यांदा टिपलं टांटी मर्लने. टांटी मर्ल म्हणजे गावाची जुनी सुईण. आता निवृत्त झालेली, म्हणजे पूर्वी पैसे घेऊन द्यायची ती मतं आता फुकट देणारी. झेल्मा चालताना एक हात कमरेवर ठेवते, हे तिने पाहिलं. जिना चढताना तिला धाप लागते, हेही पाहिलं. आणि शेवटचा पुरावा बर्फाचा. मच्छीमारांच्या सोसायटीची बर्फाची खोली किनाऱ्यावर आहे. झेल्मा रोज सकाळी तिथे जायची, वाडगाभर बर्फ घ्यायची आणि दिवसभर तो दातांखाली कडाकडा फोडत बसायची. हे डोहाळे नाहीत तर काय, असं टांटी मर्लने विचारलं. विचारलं म्हणजे जाहीर केलं.

आता खरी गोष्ट सांगतो. झेल्माला दिवस जाणं शक्यच नव्हतं. त्यासाठी लागणारा पुरुष कित्येक वर्षांत तिच्या उंबऱ्याच्या आत आलेला नव्हता. शिवाय दर महिन्याला तिच्या अंगावरून जात होतं, आणि असं जात होतं की त्या दिवसांत ती काळ्या झग्याशिवाय दुसरं काही घालत नसे आणि कुणाच्या घरी गादीच्या खुर्चीवर बसत नसे. तिच्या पोटात काय आहे ते तिला ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. तिच्या आईचं, आयसोलिनचं, पोट असंच वाढलं होतं. तिचंही असंच रक्त जायचं. शेवटी तिचे ओठ राखेसारखे झाले आणि ती गेली. मावशीचंही तसंच. घरात त्या दुखण्याचं नाव कुणी घेत नसे. "आयसोलिनला झालं ते" एवढंच म्हणत आणि आवाज खाली आणत. झेल्मा आता जवळजवळ आईच्या त्या वयाला आली होती. डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर ते नाव उच्चारणार, आणि उच्चारलं की ते खरं होणार, असा तिचा हिशेब होता. म्हणून ती गेली नव्हती.

अशात एका दुपारी पाळक नेड मंडळीचा कारभार पाहणाऱ्या दोन वडिलांना बरोबर घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसले. पाळकसाहेब सज्जन माणूस. असल्या कामाला येताना ते टोपी हातात धरतात आणि बोलणं संपेपर्यंत तिची कड बोटांनी फिरवत राहतात. हवा, मासळी, अमक्याच्या गुडघ्याचं दुखणं असं सगळं झाल्यावर ते म्हणाले, की सिस्टर झेल्मा, मंडळीत काही बोललं जातंय, ते खरं आहे का.

झेल्माच्या तोंडाशी "नाही" आलं होतं. पण "नाही" म्हटलं की त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येणार: मग पोटात काय आहे? हा दुसरा प्रश्न तिला नको होता. पहिला परवडणारा होता. पापाला आमच्याकडे क्षमा आहे, त्याचे दिवस ठरलेले आहेत, त्यातून बाईच्या हातात एक गोजिरं बाळ येतं.

"तुम्ही म्हणताय तसंच आहे, पाळकसाहेब," ती म्हणाली.

पाळकसाहेबांची टोपी थांबली. त्यांनी बापाचं नाव विचारलं. ते सांगायला तिने नकार दिला. याचं कुणाला नवल वाटलं नाही. उठताना एका वडिलांनी तिळाचे गोळे मिळतील का म्हणून विचारलं, आणि ते त्यांनी नेले.

पुढच्या रविवारी झेल्मा मागच्या बाकावर बसली. गायनाचं जे व्हायचं ते झालं. पहिल्याच गाण्यात बाया एका सुरात आणि पुरुष दुसऱ्या सुरात गेले, आणि शेवटच्या कडव्यापर्यंत त्यांची भेट झाली नाही. झेल्मा मागे ओठ मिटून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप होता असं लोक म्हणाले. माझ्या मते ती तो सूर ऐकून हैराण झाली होती. पण त्याच बाकावर तिला कितीतरी महिन्यांनी बरं वाटत होतं, हेही खरं. आता तिच्या पोटाला गावाने एक कारण दिलं होतं. ती ते कारण पांघरून बसू शकत होती.

दोन-तीन रविवार असे गेले. मग अल्फियस मेलव्हिल पाळकांच्या घरी गेला.

अल्फियस बर्फाची खोली सांभाळायचा. पन्नाशी उलटलेला, उंच, कमी बोलणारा विधुर. बर्फासारख्या धंद्यात माणूस एक तर चिडका होतो किंवा शांत. तो शांत झाला होता. झेल्मा रोज यायची तेव्हा तो तिच्यासाठी लादीच्या मधला स्वच्छ, काचेसारखा तुकडा फोडून ठेवायचा, आणि यापलीकडे त्याने मनातलं काही कुणाला कधी दाखवलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो पाळकांपुढे उभा राहून म्हणाला, की सिस्टर झेल्माच्या मुलाचा बाप मी आहे. पाळकसाहेबांनी त्याला खुर्ची दिली. मग स्वतःही एक घेतली. मंडळी स्थापन झाल्यापासून आपण होऊन बाप व्हायला आलेला हा पहिला पुरुष. त्याचं काय करायचं ते पाळकांना चटकन सुचेना. पुरुष बसणार म्हटल्यावर बाकाचा पाय डुगडुगतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तो त्यांनी सुताराकडून दुरुस्त करून घेतला. बायका बसत होत्या तोवर ते तसंच चाललं होतं.

रविवारी अल्फियस इस्त्रीचा सदरा घालून आला आणि मागच्या बाकावर झेल्माच्या शेजारी बसला. प्रवचन सुरू होईपर्यंत झेल्मा समोर बघत राहिली.

"तुम्ही इथे काय करताय?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"नियम आहे."

"नियम पाप करणाऱ्याला आहे. तुम्ही काय केलंत?"

"तुम्ही केलं म्हणालात, तेच मी केलं म्हणालो."

"मी तुम्हाला सांगितलं होतं का?"

"नाही," अल्फियस म्हणाला. "पण ज्याने केलं तो काही आला नाही. आणि जागा होती."

झेल्माला राग आला. पण या रागाचं कारण तिला मोठ्याने सांगता येईना, कारण ते सांगायला गेलं तर सगळंच सांगावं लागणार. देवाच्या घरात एका चांगल्या माणसाने तिच्यापायी खोटं बोलावं हे तिला बोचत होतं. तिचं स्वतःचं खोटं तिला तितकं बोचत नव्हतं. त्याला निदान भीतीचं कारण होतं.

मग अल्फियसने पाळणा करायला घेतला. देवदाराचा, कोरीव कठड्याचा. बर्फाच्या खोलीबाहेर, ऐन किनाऱ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देखत. मच्छीमार जाळी विणता विणता सल्ले देत. अल्फियस, पाय आखूड झाले. अल्फियस, मूल क्वाशींच्या हाडापेराचं झालं तर यात मावणार नाही. अल्फियस, एवढी उस्तवार चाललीये, तर लग्नच का नाही करत, पाळण्यापेक्षा लाकूड कमी लागेल. तो रंधा मारत राही. हे सगळं झेल्माच्या कानावर येत होतं, आणि तिची झोप उडत चालली होती. नियमाप्रमाणे तिची सुटका मूल झाल्यावर होणार होती. मूल होणार नव्हतं. झगे शिवणीतून उसवायला लागले होते, आणि टांटी मर्ल आता सगळ्यांना सांगत होती की दिवस भरून वर गेलेत, पोर बापावर गेलंय, सावकाश येणार.

एका सकाळी अल्फियसने पाळणा झेल्माच्या अंगणात आणून ठेवला. झेल्मा ओट्यावर तीळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"अल्फियस, हा परत घेऊन जा. बाळ नाहीये."

त्याने टोपी काढली. "गेलं?"

"नव्हतंच."

अल्फियस पाळण्याच्या कठड्यावर बसला. काम पक्कं होतं, कठड्याने त्याचं वजन पेललं.

"मग पोटात काय आहे?"

"आईला होतं ते."

"आईला काय होतं?"

"ती मेली त्यात."

"ते शेवटी झालं," अल्फियस म्हणाला. "आधी काय होतं?"

झेल्माने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की हे तिला माहीत नाही. माहीत होतं असं ती वीस वर्षं समजत होती. आईला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आईने कधी विचारलं नव्हतं. त्या दुखण्याभोवती सगळ्यांनी आवाज खाली आणला होता, एवढंच तिच्यापर्यंत आलं होतं. ती रडायला लागली. अल्फियस उठून विहिरीपाशी गेला आणि तिचं आटपेपर्यंत उगाचच पाणी काढत राहिला.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या गाडीतून ते स्कारबरोच्या इस्पितळात गेले. गाडीला मासळीचा वास होता. झेल्माने सगळा रस्ता खिडकीबाहेर तोंड ठेवलं, आणि पहिल्याच वळणावर परत फिरा म्हणाली. अल्फियसला ते ऐकू आलं नाही, किंवा ऐकू आलं नाही असं त्याने ठरवलं. तिथे नर्सने त्याला विचारलं, तुम्ही कोण, नवरा का. तो म्हणाला, नाही, मंडळीत आम्ही एका बाकावर बसतो. तेवढं नर्सला पुरलं.

डॉक्टर हॅकशॉ ही साठीची, ठेंगणी, काळी बाई. चष्मा साखळीला लावलेला. ती पोटावर यंत्र फिरवत होती तोवर झेल्माने छतावरच्या पंख्याकडे बघत मनातल्या मनात आपली अंत्ययात्रा उरकून घेतली. गाणी कोणती म्हणायची आणि ती कोण बिघडवणार, इथपर्यंत.

"बर्फ खाता का हो तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

झेल्मा चपापली. म्हणाली, खाते.

"रक्त कमी झालं की काही जणींना बर्फाचं वेड लागतं. तुमच्या अंगात रक्त उरलंय की नाही असा प्रश्न आहे. बसा उठून. फायब्रॉइड आहेत. गर्भाशयातल्या गाठी. चार मोठ्या दिसतात, बारक्या मोजत नाही. कॅन्सर दिसत नाही. गाठ काढल्यावर तपासायला पाठवू, कारण हजारात एखादी दगा देते. पण माझं मत विचाराल तर घरी जाऊन जेवा."

झेल्माने विचारलं, कशाने झालं. सगळा धीर या प्रश्नासाठी तिने राखून ठेवला होता. आणि डॉक्टरीणबाई उत्तर देण्याआधी तिने स्वतःच कारणं सांगायला सुरुवात केली. गरम इस्त्री करून लगेच गार फरशीवर पाय ठेवला. वेळेवर मूल केलं नाही, म्हणून टांटी म्हणते तसं रिकाम्या पोटाने स्वतःसाठी काही उद्योग काढला. कुणी काही करणी केली. की काही पाप.

"पाप माझ्या पुस्तकात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असतं तर गाठी पुरुषांना झाल्या असत्या."

मग त्यांनी चष्मा काढला आणि सांगायला बसल्या. गर्भाशय म्हणजे एक स्नायू. त्यातली एखादी पेशी स्वतःची नक्कल काढताना एका जागी चूक करते. बहुतेक वेळा चूक असते ती अगदी बारीक, एका अक्षराएवढी. मग तिच्या पोटी जितक्या पेशी होतात, सगळ्या तीच चूक घेऊन होतात. म्हणजे एक गाठ म्हणजे एकाच पूर्वजाचं कुळ. शेजारची गाठ दुसऱ्या कुळाची. तुमच्या गावात सगळे क्वाशी जसे एकाच म्हाताऱ्याचे, तसे. या कुळाचं खाणं म्हणजे बाईच्या अंगात दर महिन्याला तयार होणारे दोन रस. एक त्यांना भूक लावतो, दुसरा त्यांना वाढवतो. आसपासच्या चांगल्या पेशींपेक्षा या हावऱ्या, वाट्याहून जास्त ओढून घेतात, थोडा रस घरच्या घरीही गाळतात. वर स्वतःभोवती चिवट धागे विणत बसतात, म्हणून गाठ दगडासारखी लागते. निम्मी गाठ तर तो विणलेला पसाराच असतो. पाळी कायमची थांबली की खाणं बंद होतं, आणि गाठी आपोआप सुकायला लागतात.

"पण ती पहिली चूक कशाने?" झेल्माने विचारलं.

"ते मला माहीत नाही. कुणालाच नीट माहीत नाही. आई-मावशीला असलं तर मुलीला होण्याचा संभव जास्त. आपल्या काळ्या बायकांना जास्त होतात, लवकर होतात, मोठ्या होतात. का, त्यावर दहा जण दहा गोष्टी सांगतात. काळ्या कातडीतून उन्हाचं जीवनसत्त्व कमी मुरतं म्हणतात, केस सरळ करायच्या मलमांचं म्हणतात, जिवाला लागलेल्या घोराचं म्हणतात. मुलं झालेल्या बायकांना जरा कमी होतात, हे खरं. पण कित्येकींना या गाठींमुळेच मुलं होत नाहीत, तेव्हा तुमच्या टांटीला सांगा, घोडा पुढे, गाडी मागे, नीट बघून जोड. मला स्वतःला पाच होत्या. मी तर डॉक्टर होते, चर्चमध्ये जात होते, आणि इस्त्री माझा नवरा करायचा."

झेल्मा हसली. पुष्कळ दिवसांनी हसल्यामुळे ते हसणं ठसक्यासारखं निघालं. मग तिने आईबद्दल विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पुष्कळ प्रश्न केले, आणि शेवटी म्हणाल्या, की इतक्या वर्षांनी शपथेवर कुणी सांगू शकणार नाही. पण तुम्ही सांगता त्यावरून मला वाटतं, आईलाही हेच असावं. गाठींनी नसेल मारलं तिला. रक्त जात राहिलं, आणि ते थांबवायला तिला कुणी आणलं नाही.

परतीच्या वाटेवर झेल्मा खिडकीची काच वर करून बसली. आईबद्दल तिला रडू येत होतं आणि स्वतःबद्दल हलकं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते तिला जमत नव्हतं. अल्फियसने विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या. ती म्हणाली, जेवा म्हणाल्या.

त्या रविवारी झेल्मा मागच्या बाकावरून उभी राहिली. त्या बाकावरून बोलायची परवानगी नाही, पण तिला खाली बसवायला जागेवरून उठावं लागलं असतं, आणि कुणाला काही चुकवायचं नव्हतं. ती म्हणाली, माझ्या पोटात मूल नाही, गाठी आहेत. डॉक्टरकडे जायची भीती वाटत होती म्हणून मी पापाची खोटी कबुली दिली. शेजारी अल्फियस उभा राहिला आणि म्हणाला, की माझंही नाही. पुढच्या ओळीतली एक म्हातारी खुदकन हसली आणि मग तो खोकला होता असं दाखवू लागली.

वडिलांची बैठक बसली. न केलेल्या पापाच्या कबुलीला काय शिक्षा, हे नियमांत कुठेच नव्हतं. व्यभिचार घडलेला नाही तेव्हा शिक्षा रद्द, असं एकाचं म्हणणं. पण देवाच्या घरात दोघं खोटं बोलले, त्याला शिक्षा हवीच, असं दुसऱ्याचं. ती कोणती, तर मागचा बाक. तो तर भोगून झालेला. शेवटी खोट्याची शिक्षा आधीच भोगून झाली असं धरून त्यांना मोकळं करण्यात आलं. गायनाची अवस्था बघता दुसरा मार्गही नव्हता.

झेल्मा मात्र ऑपरेशन होईपर्यंत दाराशीच बसत राहिली, कारण तिथून पटकन बाहेर जाता येई. आणि एका रविवारी प्रार्थना संपल्यावर पाळकांच्या पत्नी, सिस्टर कॉरीन, येऊन तिच्याजवळ बसल्या. त्यांचं पोट कित्येक वर्षं वायूमुळे फुगतं असं सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी हातरुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"काळा झगा," त्या हळूच म्हणाल्या. "तुझं पण तसंच होतं का गं?"

त्यांच्या मागे आणखी दोघीजणी हात धुवायला निघाल्यासारख्या ताटकळत होत्या. टांटी मर्लही होती. ती म्हणाली, मी आपली ऐकायला आलेय, मला काही नाही. मग म्हणाली, माझ्या धाकटीला आहे.

झेल्माने आधी रक्त वाढायच्या गोळ्या घेतल्या आणि मग ऑपरेशन करून घेतलं. गाठी तेवढ्या काढून गर्भाशय राखायचं की सगळंच काढायचं, हे डॉक्टरीणबाईंनी तिच्यावर सोपवलं होतं. तिने सगळंच काढायला सांगितलं. म्हणाली, त्या कुळाशी माझे काही संबंध उरले नाहीत.

गाठींचा तपासणीचा निकाल आणायला ती आणि अल्फियस पुन्हा स्कारबरोला गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, साध्या आहेत, सगळ्या साध्या आहेत, काही म्हणजे काही नाही. झेल्माने त्यांना परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. बाहेर आल्यावर तिने बंदरापाशी खेकड्याचं कालवण आणि पिठाचे गोळे मागवले, ते संपवले, अल्फियसच्या ताटातले दोन उचलले, आणि तेही संपवले. गाडीत बसल्यावर गाव येईपर्यंत पुष्कळ बोलायचंय असं म्हणाली, आणि बंदराचं फाटक ओलांडायच्या आत डोकं मागे टाकून झोपली. चांगलं तोंड उघडं टाकून, घोरत.

अर्ध्या वाटेवर अल्फियसचा फोन वाजला. त्याने गाडी एका आंब्याखाली घेतली. पाळकसाहेब होते. मागून बायकांचे आवाज येत होते, म्हणजे बहुतेक सगळी मंडळी पाळकांच्या घरी जमली होती. पाळकांनी विचारलं, की काय निघालं, ब्रदर अल्फियस, सांगा.

"काही नाही निघालं, पाळकसाहेब," अल्फियस म्हणाला. "काहीच नाही."

पलीकडे एकदम सगळे बोलायला लागले. त्यातून सिस्टर कॉरीनचा आवाज पुढे आला. त्यांना झेल्माशीच बोलायचं होतं, त्यांची डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात होती.

अल्फियसने शेजारी पाहिलं.

"त्या झोपल्यात," तो म्हणाला. "मी उठवणार नाही."